काहीच होत नसतं, तेव्हा करायची तपासणी

व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिटिक आम्ल, पाण्यात पाच टक्के. त्यात भिजवलेला कापसाचा बोळा गर्भाशयाच्या मुखावर टेकवायचा आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट थांबायचं. निरोगी गर्भाशयमुख गुलाबीच राहतं. पेशी बिघडायला लागलेल्या असतील, तर त्या जागी मिनिटभरात पांढरा डाग उमटतो. हा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. लक्ष दिलं नाही तर पाच, दहा, पंधरा वर्षांनी जिथे कॅन्सर होऊ शकतो, अशी ती जागा आहे. आज दिसली, तर बहुतेक वेळा ऑपरेशन न करता, दाखल न होता ती तिथल्या तिथे नष्ट करता येते.

ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. तोंडाची आणि स्तनांचीही तशीच होते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली: ३० ते ६५ वर्षांपर्यंत, दर पाच वर्षांनी, उपकेंद्रापासून पुढे. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. म्हणजे शंभर जणींत दोघी आणि शंभर जणींत एक. सोय आहे, पण ती कशासाठी आहे आणि कशी वापरायची हे घरोघरी पोहोचलेलं नाही.

चाळणी आणि निदान

पहिला गोंधळ इथेच होतो. "मला काही त्रास नाही, मग कशाला जाऊ?" असं बहुतेक जण म्हणतात. स्क्रीनिंग ही तपासणी नेमकी त्यांच्यासाठीच आहे. ज्याला त्रास आहे त्याने स्क्रीनिंगच्या रांगेत थांबायचंच नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं. पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त जातं, स्तनात गाठ लागते, तोंडातली जखम दोन आठवडे झाले तरी भरत नाही, अशा वेळी "पुढच्या महिन्यात गावात शिबिर आहे, तेव्हा दाखवू" असं म्हणणं धोक्याचं आहे. शिबिरात चाळणी होते, अशा पेशंटला निदान हवं असतं.

चाळणी म्हणायचं कारण आहे. धान्य चाळताना वर राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो, एखादा मोठा दाणाही वर राहतो. आणि एखादा बारीक खडा खाली गळूनही जातो. स्क्रीनिंगचं अगदी तसंच आहे. ज्यांचा निकाल "पॉझिटिव्ह" येतो, त्यांतल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. त्यांना एक पायरी पुढे जाऊन बघायचं असतं, इतकाच त्याचा अर्थ. आणि निगेटिव्ह निकाल आजच्यापुरता असतो, आयुष्यभराची हमी नसते. दोन वर्षांनी गाठ लागली तर "तेव्हा तर नॉर्मल होतं" म्हणून घरी बसायचं नाही.

हेच तीन कॅन्सर का

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण निघाले. त्यांत स्तनांचे सुमारे १ लाख ९२ हजार, ओठ आणि तोंडाचे १ लाख ४३ हजार, गर्भाशयमुखाचे १ लाख २७ हजार. तिन्ही मिळून जवळपास एक तृतीयांश. पण आकडा मोठा आहे एवढंच कारण पुरत नाही. या तिन्ही जागा मशिनाशिवाय डोळ्याने बघता येतात, हाताने चाचपता येतात. प्रशिक्षण घेतलेली नर्स हे काम करू शकते. आणि तोंड व गर्भाशयमुख या दोन ठिकाणी कॅन्सरच्या आधीची अवस्था दिसते, जी बहुधा कित्येक वर्षं तशीच टिकून असते. तेवढा अवधी मिळतो म्हणून तपासणीला अर्थ आहे.

जिथे असा अवधी मिळत नाही किंवा लवकर कळूनही उपयोग होत नाही, तिथे तपासणी वाढवून भलं होतंच असं नाही. दक्षिण कोरियात १९९९ पासून राष्ट्रीय कॅन्सर तपासणी सुरू झाली, आणि तिच्या जोडीला दवाखान्यांनी स्वस्तात थायरॉइडची सोनोग्राफी द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधून हजारो लोकांचे थायरॉइड काढले गेले आणि त्यांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या. आपल्याकडे "संपूर्ण शरीर तपासणी"च्या पॅकेजात रक्तातल्या ट्यूमर मार्करच्या (काही कॅन्सरमध्ये वाढणाऱ्या घटकांच्या) चाचण्या घालून विकतात, तेव्हा हे लक्षात ठेवावं. त्रास नसलेल्या, धोका नसलेल्या माणसाने सीए १२५ किंवा सीईए यांसारखे मार्कर तपासून घेण्यात फायदा नाही. पाळी चालू असताना किंवा एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढण्याचा आजार) असतानाही सीए १२५ वाढतं, धूम्रपानाने सीईए वाढतं, आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते. ज्या तपासण्यांनी जीव वाचतात हे दिसून आलंय, त्या पॅकेजात नाहीत, उपकेंद्रात आहेत.

गर्भाशयमुख: धाराशिव आणि मुंबईने काय शिकवलं

गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळपास प्रत्येक वेळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. दहांतल्या नऊ जणांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या पेशी हळूहळू बिघडतात. म्हणून एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं की नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घ्यायचं काहीच कारण नाही. संसर्ग पंधरा-वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. हे निकाल देतानाच सांगायला हवं. नाही सांगितलं तर घरात भांडण होतं आणि ती बाई पुढच्या तपासणीला येतच नाही.

या कॅन्सरबद्दलचं जगातलं फार महत्त्वाचं संशोधन मराठवाड्यात झालं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचे चार गट केले गेले. जवळच्या बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा हॉस्पिटल त्यात होतं. एका गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी, एकाला पॅप तपासणी (गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची), एकाला आम्ल लावून करायची व्हीआयए, आणि चौथ्या गटाला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही गटात आणि चौथ्या गटात कॅन्सर साधारण सारख्याच संख्येने सापडले, १२७ आणि ११८. पण दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात पोहोचलेले पहिल्यात ३९ होते, चौथ्यात ८२. मृत्यू ३४ आणि ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. तपासणी न दिलेला गट ठेवण्यावर नंतर टीका झाली, आणि त्या ६४ जणींचा विचार केला की ती टीका समजते.

त्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएने मात्र मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. मग व्हीआयए कुचकामी का? तसं नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा हॉस्पिटलने ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर दुसरा अभ्यास केला. त्यात दहावी झालेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं, त्यांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या व्हीआयए केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की अर्थ उघड आहे: व्हीआयए एकदा करून विसरायची तपासणी नाही, ती पुन्हा पुन्हा आणि नीट व्हावी लागते. जागतिक आरोग्य संघटना व्हीआयए दर तीन वर्षांनी करा म्हणते, आणि एचपीव्ही चाचणी पाच ते दहा वर्षांनी चालते म्हणते. आपल्या कार्यक्रमात पाच वर्षांनी व्हीआयए आहे. ते अंतर जास्त आहे. म्हणून आपल्या उपकेंद्रात व्हीआयएच होत असेल तर तीन वर्षांनी आपणहून पुन्हा जावं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती राहणार नाही. मूत्राशय रिकामं करून टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून. सिस्टर योनिमार्गात स्पेक्युलम नावाचं उपकरण बसवतात आणि दिव्याच्या उजेडात गर्भाशयमुख बघतात. आधी स्राव पुसून घेतात, मग आम्ल लावतात. किंचित चुरचुरतं. मिनिटभर थांबून बघतात, पुसतात, उपकरण काढतात. दहा मिनिटांत सगळं आटोपतं. पाळी चालू असताना जायचं नाही. गरोदरपणात आणि बाळंतपण किंवा गर्भपातानंतर १२ आठवडे थांबायचं. आधीचे दोन दिवस योनीत औषध ठेवू नये, आदल्या रात्री संबंध नको.

पांढरं दिसलं की सगळंच पॉझिटिव्ह नसतं. गर्भाशयमुखावर बाहेरची गुळगुळीत त्वचा आणि आतली लालसर त्वचा जिथे मिळतात, त्या रेषेला चिकटून असलेला, दाट, खडूसारखा, कडा रेखीव असलेला डाग खरा. विखुरलेले ठिपके, पुसट पांढरेपणा, रेषेपासून लांबचा डाग हे बहुधा जुनी सूज किंवा भरत आलेली जखम असते. इथे नजरेचा सराव लागतो, आणि गडबडही इथेच होते. एका मिनिटाऐवजी पंधरा सेकंदांत बघितलं तर डाग उमटलेलाच नसतो. द्रावण रोज ताजं करावं लागतं: पाच मिली तीव्र ॲसिटिक आम्ल आणि ९५ मिली डिस्टिल्ड वॉटर. कालचं वापरलं तर डाग नीट उमटत नाही. आणि तीव्र आम्ल पातळ न करता लागलं तर चटका बसतो. उजेड पिवळा, मंद असेल तर दाट आणि पुसट यांतला फरक कळत नाही.

पाळी जाऊन काही वर्षं झाली की ती रेषा आत सरकते आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अशा बाईची व्हीआयए "निगेटिव्ह" आली तरी त्यावर विसंबता येत नाही. तिने एचपीव्ही किंवा पॅप तपासणीच मागावी, सिव्हिलला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. एचपीव्ही चाचणीची सोय आहे तिथे आणखी एक फायदा असतो: काडीने नमुना बाई स्वतः, पडद्याआड घेऊ शकते. संकोच हे न येण्याचं मोठं कारण असताना हा उपाय साधा आहे आणि सगळीकडे मिळायला हवा. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांमध्ये पेशी लवकर बिघडतात, म्हणून त्यांनी वयाच्या पंचविशीपासून आणि जास्त वेळा तपासून घ्यायचं. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात हे विचारावं.

डाग पॉझिटिव्ह निघाला तर दुर्बिणीतून, म्हणजे कॉल्पोस्कोपने बघतात, गरज वाटल्यास तपासायला तुकडा (बायोप्सी) घेतात. कॅन्सर नसेल, डाग पूर्ण दिसत असेल आणि तो आत शिरलेला नसेल, तर थर्मल अॅब्लेशन करतात. १०० अंशांना तापलेला, बोटाएवढा रुंद टोक असलेला प्रोब त्या जागी वीस-तीस सेकंद टेकवतात. पोटात पाळीसारखी कळ येते. त्यानंतर काही आठवडे अंगावरून पाणी जातं, ते अपेक्षितच असतं. चार आठवडे संबंध टाळायचे. ताप आला, घाण वास आला किंवा रक्त भरपूर गेलं तर लगेच परत यायचं. वर्षाने पुन्हा तपासणी.

इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगायला हवी. अंगावरून पांढरं जातं म्हणून "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल" अशी भीती घालून गर्भपिशवी काढण्याचे प्रकार आपल्याकडे फार झाले. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण पुढे आलं. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं लक्षण असतं आणि औषधाने बरं होतं. कॅन्सरच्या भीतीने ऑपरेशन सुचवलं गेलं, तर आधी विचारायचं: "व्हीआयए, पॅप किंवा एचपीव्हीचा रिपोर्ट कुठे आहे? तुकडा तपासलाय का?" रिपोर्टशिवाय कॅन्सरच्या नावाखाली गर्भपिशवी काढू देऊ नका. आणि आधीच काढली असेल तर डिस्चार्ज कार्डावर बघा: गर्भाशयमुखही काढलं असेल आणि कारण कॅन्सरचं नसेल, तर ही तपासणी लागत नाही. मुख ठेवलं असेल तर लागते.

लसीबद्दल थोडक्यात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. मुलींना ९ ते १४ वयात दिली तर एचपीव्हीच्या लसीचा सर्वांत जास्त उपयोग होतो. चाळिशीच्या आईने मुलीला लस द्यावी आणि स्वतः तपासून घ्यावं. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावीच लागेल.

स्तन

सरकारी कार्यक्रमात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, सरसकट नाही. हाताने तपासणी आहे. ती दुय्यम प्रतीची समजू नये. मुंबईच्या त्याच अभ्यासात दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या बायकांमध्ये पुढच्या टप्प्यांतले कॅन्सर कमी सापडले, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत.

चांगली तपासणी कशी ओळखायची? आधी बसवून बघतात: हात खाली, मग वर, मग कमरेवर दाबून. कुठे खळ पडते का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, बोंड नव्याने आत ओढलंय का. मग झोपवून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नव्हे, गळपट्टीच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत. शेवटी काख आणि गळपट्टीच्या वरचा खळगा. एका बाजूला दोन-तीन मिनिटं लागतातच. साडीवरून हात फिरवून "ठीक आहे" म्हटलं तर ती तपासणी झालीच नाही. पुन्हा करायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पाळी संपल्यानंतरचे चार-पाच दिवस उत्तम, कारण पाळीआधी स्तन नैसर्गिकपणेच गाठाळ आणि दुखरे असतात.

बहुतेक गाठी साध्या निघतात. पण "दुखत नाही, म्हणजे काही नाही" हा समज उलटा आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. गाठ लागली की तीन गोष्टी जुळवतात: हाताची तपासणी, चित्र आणि सुईने घेतलेला तुकडा. चाळिशीच्या आत सोनोग्राफी आधी करतात, कारण तरुण स्तन दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ झाकली जाते. मॅमोग्राफीच्या रिपोर्टखाली बायरॅड्स असा आकडा असतो. १ आणि २ म्हणजे काळजी नाही. ३ म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ आणि ५ म्हणजे तुकडा घ्यायचाच. ० चा अर्थ "काही नाही" असा नसतो, चित्र अपुरं आहे, आणखी काढा असा असतो. हा शून्य बघून निश्चिंत होणारे बरेच असतात.

तोंड

इथे पुरुषही यायला हवेत, आणि तेच येत नाहीत. आशाताई घरी येतात तेव्हा ते कामावर असतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा, खर्रा, तंबाखू-चुना, मिश्री रोजच्या वापरात आहेत. मिश्री लावणाऱ्या आजींना आपण तंबाखू खातो असं वाटतच नाही, म्हणून "तंबाखू खाता का?" ला "नाही" उत्तर येतं. "दात कशाने घासता?" असं विचारलं की कळतं.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या अभ्यासात आरोग्यसेवकांनी नुसतं तोंड बघितलं. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून ज्यांना हे व्यसन आहे त्यांनी पाच वर्षं थांबू नये, दरवर्षी तोंड दाखवावं.

महिन्यातून एकदा घरीच आरशासमोर बघता येतं. चूळ भरायची, कवळी काढायची, उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं किंवा मोबाइलची बॅटरी लावायची. ओठ उलटून बघायचे. गाल बोटाने बाजूला ओढून आतली कातडी, हिरड्यांच्या मागे शेवटच्या दाढेपर्यंत. तंबाखूची गोळी जिथे ठेवता ती जागा नीट. जीभ स्वच्छ कापडाने धरून दोन्ही कडा, मग टाळूला लावून खालची बाजू. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, भरत नसलेली जखम, कडक लागणारी जागा शोधायची. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. मग स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघायचं. दोनच जात असतील, तिखट लागताच आग होत असेल, तर सुपारीने गाल आतून आखडत चाललेत. हा आजार पूर्वपदावर येणं कठीण असतं, पण सुपारी त्याच दिवशी बंद केली तर पुढे सरकण्याचा वेग आवरता येतो, आणि लक्ष ठेवता येतं. दातांच्या टोकाने जखम होत असेल तर दातांच्या डॉक्टरकडून ते टोक गुळगुळीत करून घ्यायचं आणि दोन आठवडे वाट बघायची, त्याहून जास्त नाही.

गळती कुठे होते

आशाताई घरी येऊन सीबॅक नावाचा फॉर्म भरतात. वय, व्यसन, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला रक्तदाब-साखर आहे का यावर गुण असतात. चारहून जास्त झाले तर आधी बोलावतात. पण तीस ओलांडलेल्या सगळ्यांनी यायचं असतं, गुण कमी असले तरी. त्याच फॉर्ममध्ये पाळीबाहेर रक्तस्राव, बोंडातून रक्त असे प्रश्न असतात. सासू, दीर समोर बसलेले असताना त्यांची उत्तरं खरी येत नाहीत. तसं झालं असेल तर उपकेंद्रात सिस्टरना किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना वेगळं सांगा, ते नोंद बदलतात.

तपासणी फसते ती बहुधा त्यानंतर. पॉझिटिव्ह आलेल्या बाईला चिठ्ठी मिळते: ग्रामीण रुग्णालय, नाही तर सिव्हिल. तिथली स्त्रीरोग ओपीडी ठरावीक दिवशी असते; बाई चुकीच्या दिवशी जाते, दिवसाची मजुरी बुडते, दुसऱ्यांदा जात नाही. फोन करायचा तर फॉर्मवर नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा, तो पुण्यात. म्हणून नोंद करताना जो नंबर खरंच तुमच्या हातात असतो तोच द्या. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: कुठल्या वारी जायचं, कुठल्या खोलीत किंवा विभागात, आणि तिथून निकाल कोण सांगणार. शिबिरात तर हे तीन प्रश्न आधी विचारा, मग तपासणी करून घ्या. २०२५ मध्ये १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर "स्वस्थ नारी, सशक्त परिवार" अभियान झालं, अशी अभियानं पुढेही होतील. पण मांडव उतरल्यावर निकालासाठी जायचं कुठे हे ठरलेलं नसेल तर त्या तपासणीचा उपयोग होत नाही. आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी असलेल्या उपकेंद्रात अभियान नसतानाही विचारता येतं.

दुसरी गळती भीतीने होते. "तुकडा काढला की पसरतो" हे तोंड, स्तन, गर्भाशयमुख तिन्हींच्या बाबतीत खरं नाही. तुकडा घ्यायला गेलेले बरेच लोक मुळात उशिरा गेलेले असतात, म्हणून तुकड्यानंतर आजार वाढलेला दिसतो. तुकड्याशिवाय कुठलाही चांगला डॉक्टर कॅन्सरचं औषध सुरू करत नाही. जो करतो त्याच्याकडून उठून यावं.

निदान झालं तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांची पॅकेजं त्यात आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन, रुग्णालय योजनेत आहे याची खात्री करून, तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जायचं. पैसे भरून झाल्यावर योजना लावून घेणं अवघड जातं. टोल फ्री नंबर १५५३८८. निदानाआधीच्या फेऱ्या आणि चाचण्यांचा खर्च मात्र या योजनेत धरू नका. त्या सरकारी रुग्णालयातच करून घेतलेल्या बऱ्या.

आणि कागद. प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा. तुकडा तपासलेल्या लॅबकडून नुसता छापील रिपोर्ट नको, मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही मागून घ्या. त्या पेशंटच्या असतात. बार्शी, मुंबई, नागपूर, कुठेही गेलात तरी मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा बघतात, आणि नसल्या तर नव्याने तुकडा घ्यावा लागून काही आठवडे जातात. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं. स्लाइड रुमालात गुंडाळून कडक डब्यात, वर पेशंटचं नाव आणि लॅबचा नंबर लिहून.